फांदी सात

३१

महिपती चौगुले गुऱ्हाळावरनं थेट पिराजी भोपळ्याच्या दारात आला, तो नाचतच. अंगाला उकळत्या रसाचा वास, पायाला राख, डाव्या मनगटावर जुनं घड्याळ आणि उजव्यावर नवी कोरी पट्टी. पट्टीवर हिरवा आकडा: एकतीस.

"पास झालो रं पिराजी!"

"दहावीला तीनदा आपटलास. आता पन्नाशीत कसला पास?"

"गोळी बंद! अठ्ठावीस वर्सं रोज सकाळी एक. आता बंद! बागवान डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमचा जंतू साधाभोळा हाय, त्याला चितपट करता येतंय." त्यानं बंडीच्या खिशातनं कागद काढला. "ह्ये बग, झाड काढायच्या मशीननं काय लिव्हलंय."

पिराजीनं कागद उलगडला.

नमुना ११८. स्थान: मूळ. गोळी थांबवण्यास पात्र.

'मूळ' या शब्दाखाली महिपतीनं निळ्या पेनानं कौतुकाची रेघ मारली होती.

पिराजीच्या कपाटात असेच दोन कागद होते. एक त्याचा स्वतःचा: स्थान, फांदी ७, अपात्र, गोळी चालू ठेवावी. दुसरा संग्रामचा. संग्राम त्याचा धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी, अडतिसाव्या वर्षी, यकृताच्या कर्करोगानं गेला. ऑपरेशनमध्ये काढलेला त्याच्या यकृताचा तुकडा मेणात जपून ठेवला होता. तो मशीनला दाखवायला पिराजीनंच सही दिली होती. त्या कागदावर होतं: फांदी ७/१.

पिराजीनं वर बघितलं. दोन फांद्या त्याच्या घरच्या. आणि त्यांचं मूळ दारात उभं राहून दात काढत होतं.

"चहा टाकू का?" आतनं त्याची बायको सारिका ओरडली.

"नको," पिराजी म्हणाला. "ह्यो निघालाय."

४४

मनगटावरचा आकडा म्हणजे काय, हे माळेवाडीत एव्हाना शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं एक द्रव्य रक्तात सांडतं. पट्टी ते दिवसातून दोनदा मोजते. चाळिसाच्या आसपास असलं तर घरात शांतता. शेकड्यांत गेलं तर भांडण. हजारात गेलं तर दंगल.

आणि दंगल घडवायचीच होती.

२०१२ साली गणपा वस्तादाच्या तालमीत साठ पोरं होती. पैलवानाचा कान मातीत घासून, दुसऱ्याच्या डोक्यावर आपटून फुटतो. आत रक्त साकळतं, कान पुरीसारखा फुगतो. वस्ताद दर रविवारी सकाळी आखाड्याच्या कट्ट्यावर बसायचा आणि पोरं ओळीनं उभी राहायची. एक सिरिंज, एक सुई. सुई कानात, दट्ट्या मागं, काळं रक्त बाहेर. सुई जाळावरनं एकदा फिरवली की पुढचा. "आग्गीत सगळं जळतंय," वस्ताद म्हणायचा. सुईच्या बाहेरचं जळत होतं. आतलं राहत होतं.

हिपॅटायटिस-बीचा विषाणू त्या सुईतनं साठ कानांत फिरला. बहुतेकांच्या शरीरानं त्याला दोन-चार महिन्यांत हाकलून दिलं, त्यांना पत्ताही लागला नाही. नऊ जणांत तो ठाण मांडून बसला. २०१६ला रक्ततपासणीचं शिबिर झालं तेव्हा ते नऊ जण सापडले, आणि त्यांना गोळी चालू झाली.

गोळीनं उपकार केले, यात वाद नाही. कडक होत चाललेली यकृतं मऊ झाली, जलोदरानं फुगणारी पोटं फुगली नाहीत, कर्करोगाचा धोका निम्म्याहून खाली आला. पण शून्यावर आला नाही. कारण हा विषाणू पेशीच्या गाभ्यात, जिथं माणसाची स्वतःची पोथी ठेवलेली असते तिथं, आपलं एक इवलंसं कडं टाकून बसतो. त्या कड्यावरनं नकला निघत राहतात. गोळी नक्कल काढणाऱ्याचा हात धरते. कडं तसंच राहतं. गोळी सोडली की हात मोकळा.

म्हणून आता, २०४४ला, जिल्ह्याच्या यकृत केंद्रानं उलटा डाव मांडला होता. आधी अंगातल्या पहारेकऱ्यांना सुईनं विषाणूची ओळख पटवून द्यायची, मग मुद्दाम गोळी सोडायची. विषाणू डोकं वर काढतो, पहारेकरी त्याला ओळखतात आणि ज्या पेशीत तो लपलाय ती पेशीच ठार मारतात. बरं व्हायचं म्हणजे स्वतःच्या यकृतात कत्तल करून घ्यायची. जमलं तर विषाणू कायमचा गेला. नाही जमलं तर यकृत गेलं.

कुणाच्या अंगात हे जमेल, ते मशीन सांगायचं. ते प्रत्येकाच्या विषाणूची अक्षरं वाचून सगळ्यांचं मिळून एक झाड काढायचं. अहवाल मराठीत द्यायचा नियम होता, तो मराठीत यायचा.

"बाईंना एकदा इचारून तरी या, मूळ म्हंजे काय त्ये," सारिका म्हणाली.

"मला मराठी वाचाय येतंय," पिराजी म्हणाला.

२१६

पिराजीची आई, हौसाबाई, सत्तरीची. संग्राम गेल्यापासून तिनं देवाला हात जोडले नव्हते. तालमीतल्या कुणीतरी त्याला रोग लावला एवढंच तिला कळलं होतं, आणि कोण ते कळत नसल्यानं ती सगळ्यांनाच शिव्या द्यायची.

पिराजीनं तिच्यासमोर तीन शब्द उच्चारले. मूळ. फांदी. महिपती.

म्हातारी म्हणाली, "नदीचं मूळ आन ऋषीचं कूळ इचारू नये म्हणत्यात. ऋषीचं ऱ्हाऊ दे. माझ्या लेकाच्या मुळावर उठला त्यो चौगुल्याचा व्हय?"

"कागद तसंच सांगतोय."

"लई जीव लावायचा संग्रामला. खांद्यावर घिऊन फिरायचा. पेरू द्यायचा." ती थुंकली. "पेरवासंगं काय दिलंन बघ की."

"आत्या, कागदावर त्यांचं नाव न्हाई," सारिका म्हणाली. "मूळ एवढंच लिव्हलंय. आन म्हैपतीदाजींनी शिबिराच्या दिवशीच कुस्ती सोडली. परत मातीला पाय लावला न्हाई."

"चोराला चांदणं नको आसतंय. सोडली कशापायी? कळलं हुतं म्हणून सोडली!"

पिराजीला हे पटलं. याआधी कधी असा विचार केला नव्हता, पण पटलं. अख्खा तालुका ज्याला घाबरायचा, तो महिपती चौगुले एका दिवसात लंगोट खुंटीला लावून गुळव्या झाला. उसाचा रस आटवत बसला. त्या वेळी पिराजी सगळ्यांदेखत त्याला 'बायल्या' म्हणाला होता, आणि महिपती नुसता हसला होता. आता पिराजीला त्या हसण्याचा अर्थ लागला. अर्थ चुकीचा होता, पण लागला.

"दोन वर्सं मला झोप न्हाई," आई म्हणाली. "तुला येती कशी?"

९७०

गुऱ्हाळ ऐन भरात होतं. चुलवाणात चिपाडं धडधडत होती, काहिलीत रस उसळत होता, दोघं गडी मळी काढत होते. महिपती काहिलीच्या काठावर बसला होता. डोळे हळदीसारखे पिवळे, ओठ सुकलेले, मनगटावरचा आकडा लाल: नऊशे सत्तर. घरी पडून राहा असं केंद्रातनं चारदा सांगितलं होतं. पण पाक कधी झाला ते त्याच्या बोटांशिवाय कुणाला कळायचं नाही. उजवा हात गार पाण्यात बुडवायचा, तसाच क्षणभर उकळत्या पाकात घालून चिमूट उचलायची, परत पाण्यात. बोटांत टणक गोळी वळली की काहील उतरवायची.

पिराजी समोर येऊन उभा राहिला.

"ये ये, भावा," महिपती म्हणाला. "ताजी काकवी घिऊन जा."

"मूळ कोण?"

"आं?"

"मशीनच्या कागदावर. मूळ कोण?"

महिपतीच्या पिवळ्या तोंडावर हसू पसरलं. "मीच की!"

पहिली थप्पड कानशिलावर बसली, तालमीत मोडलेल्या कानावर. महिपती काठावरनं बाजूला कोलमडला. दुसरी लाथ बरगडीत. पिराजीनं उजवी बाजू निवडली होती, बरगडीच्या खाली, जिथं तो जंतू राहतो तिथं. "संग्रामनं काय केलंतं तुझं?" लाथ. "पोरगं हुतं त्ये!" लाथ. मळी काढणारा एक गडी झारा घेऊन धावला, पिराजीनं त्याला झाऱ्यासकट भिरकावलं. दुसरा ओरडत रस्त्याकडं पळाला. महिपती गुडघ्यावर आला, काही बोलायला तोंड उघडलं, तोंडातनं पिवळी उलटी आली. पिराजीनं मागनं त्याच्या मानेत हात घातला. एकेकाळी याच मानेला पकड बसायची नाही. आता ती कोंबडीच्या मानेसारखी हातात आली, आणि त्यानं त्याचा राग आणखी वाढला. लढत का नाही हा? लढ की!

"कुठल्या हातानं पेरू देत हुतास?"

उत्तराची वाट न बघता त्यानं महिपतीचा उजवा हात धरला आणि मनगटापर्यंत काहिलीत घातला.

पाण्यानं भाजतं आणि पाणी ओघळून जातं. पाक ओघळत नाही. तो धरून राहतो आणि भाजत राहतो. महिपतीची किंकाळी चिपाडाच्या आवाजावर गेली, फाटली आणि थांबली. हात बाहेर आला तेव्हा त्यावर गुळाचा मोजा होता, आणि गडी तो सोलायला लागले तेव्हा आतली कातडीही मोज्याबरोबर आली.

आकडा नाही

पट्टी पाकात विरघळली होती.

पिराजी पळाला नाही. पोलिस येईपर्यंत तो उसाच्या मोळीवर बसून राहिला. कोर्टानं जामीन नाकारला, त्याला सबजेलमध्ये टाकलं. तिथं चौथ्या दिवशी हौसाबाई भेटायला आली. जाळीतनं बोटं घालून तिनं त्याच्या गालावरनं फिरवली.

"काल झोप लागली मला," ती म्हणाली. "दोन वर्सांनी. लई गाढ."

तेवढ्यासाठी सात वर्षं आत बसायला लागलं तरी चालेल, असं पिराजीला वाटलं.

तिच्या मागं सारिका उभी होती. ती फक्त म्हणाली, "म्हैपतीदाजींचा आकडा दोन हजाराच्या वर गेलाय. रक्त काढून बघितलं. तुमचे दोन आन दाजींचा एक, तिन्ही कागद मी बाईंच्याकडं दिऊन आले."

"कशापायी?"

"मला मराठी वाचाय येत न्हाई म्हणून."

२,३८०

सबजेलच्या फरशीवर दुपारी डोळे मिटले की पिराजीच्या डोक्यात एक समालोचक बोलायला लागायचा. मैदानातलाच, घसा बसलेला.

'...आन बघा मंडळी, आता खरी निकाली कुस्ती लागलीया! आखाडा कुठला? माणसाच्या पोटातला! एका बाजूला अंगाचे पहारेकरी, दुसऱ्या बाजूला बत्तीस वर्सं माजलेला पाव्हणा. हलगी वाजू द्या! पहारेकऱ्यानं पट काढला, पेशी खाली, पेशी खल्लास! दुसरी धरली, खल्लास! अवो पर आतला पाव्हणा मरतोय का घरमालक? पंच, बघा जरा! माती लाल झाली, पिवळी झाली. दोन हजार तीनशे ऐंशी पेटी दारूगोळा उडाला. आन ह्ये काय? बाहेरनं लाथा कुणी घातल्या? ए, मैदानात कोण घुसलंय ते? त्याला बाहेर काढा! नाव काय त्याचं? नाव सांगा त्याचं...'

समालोचक इथं येऊन थांबायचा. पिराजी कूस बदलायचा.

त्याला रोज वाटायचं, आज निरोप येईल की मेला. रोज त्याला हवं असायचं की यावा. आणि संध्याकाळी निरोप आला नाही की त्याच्या छातीतनं सुटकेसारखं काहीतरी निघून जायचं. त्याचा त्याला संताप यायचा.

६४०

डॉ. रेहाना बागवान दर महिन्याला सबजेलमधल्या रुग्णांना तपासायला यायची. वय पस्तीस, चालणं भराभर. या खेपेला तिनं पिराजीची नाडी बघितली नाही. टेबलावर तीन कागद ठेवले आणि समोर बसली. आजवर ती त्याला 'भोपळे काका' म्हणायची.

"भोपळे, मूळ म्हणजे काय?"

"जिथनं सुरू झालं त्ये."

"कुणी सांगितलं?"

"कोण कशाला सांगाय पायजे? झाडाचं मूळ."

"गोळी काय करते, माहीत आहे?"

"जंतू दाबती."

"त्याला नक्कल काढू देत नाही. नक्कल काढताना त्याच्याकडून चुका होतात, आणि चुका होत होत तो बदलत जातो. नक्कलच काढली नाही तर बदलणार कसा? जो माणूस गोळी चुकवत नाही, त्याच्या अंगातला विषाणू पहिल्या दिवशी होता तसाच गोठून बसतो. मशीन त्याला मूळ म्हणतं. मूळ म्हणजे गुन्हेगार नाही. मूळ म्हणजे न बदललेला. महिपतीकाकांनी अठ्ठावीस वर्षांत किती गोळ्या चुकवल्या, सांगू? चार."

पिराजीनं टेबलावरचा महिपतीचा कागद उचलला.

"तुम्ही किती?"

"मोजल्या न्हाईत."

"विषाणूनं मोजल्यात."

"मग तालमीत आणलं कुणी?"

"ते कुणालाच कळणार नाही. मूळ आणि आठ फांद्या, सगळे एकाच सुमाराला लागण झालेले. तुम्ही सगळे एका सुईची लेकरं आहात."

"संग्रामच्याबी कानातलं रक्त काढलं हुतं वस्तादानं. सुट्टीत यायचा त्यो तालमीत. म्हंजे त्योबी सुईचाच."

"नाही."

ती हे फार शांतपणे म्हणाली. तिनं दोन कागद शेजारी शेजारी सरकवले.

"सात छेद एक. याचा अर्थ काय समजलात तुम्ही?"

"सात मी. एक म्हंजे... धाकटा."

"एक म्हणजे सातातून फुटलेली पहिली फांदी."

बाहेर पहारेकऱ्यानं कुणाला तरी हाक मारली. डॉक्टरीण थांबली नाही.

"तुम्हा नऊ जणांना आधी जुनी गोळी दिली होती. ती अर्धवट घेतली की विषाणूवर व्रण पडायचा. एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर. तो व्रण नऊ जणांत फक्त तुमच्या विषाणूवर आहे. आणि दहाव्या एका माणसाच्या. संग्रामनं ही गोळी कधी घेतली होती?"

"त्यानं कुठली? त्याला तर कॅन्सर झाल्यावरच कळलं."

"मग गोळीचा व्रण त्याच्या विषाणूवर आला कुठून?"

पिराजीनं संग्रामचा कागद उलटा करून ठेवला.

"कधी?" शेवटी त्यानं विचारलं.

"२०१८. पाच-सहा महिने इकडे किंवा तिकडे."

२०१८. तालमीत गोळ्या दिसल्या तर कुणी हात मिळवणार नाही, म्हणून पिराजीनं गोळ्या कधी घेतल्या, कधी टाकल्या. मैदानाच्या दिवसांत तर टाकल्याच. घरी काही सांगितलं नाही. तालमीत जावंसं वाटेना म्हणून मळ्यात स्वतःच्या हातानं आखाडा खणला, आणि जोडीला चौदा वर्षांचा संग्राम. रोज सकाळी. एकदा दोघांच्या भुवया एकमेकांवर आपटून फुटल्या. कपाळाला कपाळ लावून, रक्तात डोळे मिचकावत दोघं पकडीत हसत राहिले होते. कोण आधी सोडतो बघू. कुणीच सोडलं नव्हतं.

"घरात सांगितलं असतंत," डॉक्टरीण म्हणाली, "तर संग्रामला लस मिळाली असती. तीन टोचण्या."

"बाई, म्होरं नका सांगू."

"हेच मी आधी सांगायला हवं होतं. तुम्ही दोन्ही कागद घेऊन गेलात तेव्हा तुम्हाला बसवून घ्यायला हवं होतं. तुम्ही घाईत होता, मीही घाईत होते." तिनं कागद गोळा केले. "महिपतीकाकांचा आकडा उतरतोय. सहाशे चाळीस."

"म्हंजे बरा हुतोय?"

"उतरणाऱ्या आकड्याचे दोन अर्थ असतात. भांडण मिटलं, किंवा जाळायला घरच उरलं नाही. रक्त गोठतंय की नाही त्यावरून कळेल. त्यात तुमच्या लाथांनी आत रक्त साकळलंय. चार दिवस थांबा."

चार दिवस पिराजी जेवला नाही. पाचव्या दिवशी शिपायानं सारिकाचा निरोप आणला: रक्त गोठतंय.

३७

तीन महिन्यांनी जामीन झाला. महिपतीच्या घराकडं फिरकायचं नाही, ही कोर्टाची अट होती. म्हणून महिपतीनंच त्याला केंद्रात, डॉक्टरांच्या खोलीत, पोलिसाच्या देखत बोलावलं.

तो खुर्चीत बसला होता. रंग परतला होता. उजव्या हाताची दोन बोटं नव्हती, उरलेली तीन एकमेकांना चिकटून मेणबत्तीसारखी झाली होती.

"जंतू गेला," महिपती म्हणाला. "समूळ गेला म्हणत्यात. नऊ जणांत पहिला मी."

"मैप्या, मला ठाव न्हवतं."

"मला तरी कुठं ठाव हुतं? मला वाटलं, मूळ म्हंजे पहिला नंबर."

पिराजी खाली वाकून पायाला हात लावायला गेला. महिपतीनं पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"माफी मागाय आलास?"

"व्हय."

"मिळणार न्हाई. तुझ्या केसमधी साक्ष देणार मी. डाव्या हाताला गुळाची गोळी कळत न्हाई. शिकालोय, पर कळत न्हाई. दोन काहिली जाळल्या." तो थोडा वेळ त्या हाताकडंच बघत राहिला. "कुस्ती का सोडली आसं तू कधी इचारलं न्हाईस मला. बायल्या म्हणालास. मी मातीत उतरलो की समोरच्याला रक्त लागणार. एवढंच हुतं त्ये. तुला वाटलं, मला भ्या वाटलं. वाटलंच हुतं. पर तुमच्या जिवाचं वाटलं."

पिराजी तिथंच फरशीवर बसला.

"आईला सांगितलंस?"

"न्हाई."

"माझी बायको पाण्याला गेली की तुझी आई वाटंत उभी ऱ्हाती. रोज. निपुत्रिक हुशील म्हणती, माझ्या ज्या लेकीला लेकरू हुईना तिच्याम्होरं म्हणती. आदी तिला सांग. मग परत ये, न्हाई तर येऊबी नको."

पिराजी घरी आला तेव्हा हौसाबाई अंगणात उन्हाला शेंगा फोडत बसली होती. तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

"मेला का त्यो?" तिनं विचारलं.

"बरा झाला."

"जळ्ळं त्याचं नशीब. देव आंधळाच हाय."

"आये, संग्रामला माझ्यातनं लागलं."

शेंग फुटली. दाणे सुपात पडले.

"काय लागलं?"

"त्यो रोग. मला आदीच हुता, आजबी हाय. मी गोळ्या खाल्ल्या न्हाईत. मी कुणाला सांगितलं न्हाई. आन संग्रामसंगं रोज मातीत खेळत ऱ्हायलो. महिपतीनं काय केलं न्हाई. मी केलं."

"आन त्ये मूळ?"

"त्याचा अर्थ दुसराच हुता."

म्हातारी सुपाकडं बघत राहिली. मग लहान मुलासारख्या आवाजात तिनं विचारलं, "मग आता मी शिव्या कुणाला घालू?"

"मला घाल."

तिला शिवी सुचली नाही. ओठ हलले, पण ज्या तोंडातनं दोन वर्षं अखंड वाहत होतं ते कोरडं पडलं. ती उठली. भिंतीला टेकवलेली काठी घेतली. पहिला तडाखा खांद्यावर बसला. दुसरा पाठीवर. "कशापायी सांगितलंस?" ती म्हणाली, आणि तिसरा हाणला. "झोपले हुते मी! झोप लागाय लागली हुती!" पिराजी हलला नाही. अंगणात येऊ पाहणाऱ्या सारिकाला त्यानं हातानंच थांबवलं. चौथा तडाखा तिरका आला आणि तोंडावर बसला. खालचा ओठ फाटला. रक्त हनुवटीवरनं ओघळून शर्टावर आलं.

रक्त दिसलं आणि म्हातारीच्या हातातली काठी गळाली. पन्नास वर्षांची सवय. पदराचं टोक आपसूक तिच्या मुठीत आलं, ती वाकली आणि त्याच्या तोंडाकडं हात नेला. शेंगा फोडून फोडून तिची बोटं चिरलेली होती.

एवढा वेळ हात न उचललेल्या पिराजीनं झडप घालून तिची दोन्ही मनगटं पकडली.

"हात लावू नगंस."

"सोड!"

"न्हाई."

"आरं सोड की मुडद्या, रक्त व्हातंय, पुसू तरी दे!"

ती ओढत होती, हिसकत होती, रडत होती. आता तिला शिव्या सुचत होत्या, एकामागून एक, त्याच्या बापाच्या, वस्तादाच्या, मशीनच्या, त्याच्या स्वतःच्या. पिराजीनं कोपर ताठ केले आणि पकड ढिली पडू दिली नाही. रक्त थांबेपर्यंत त्यानं आईला तसंच लांब धरून ठेवलं.